भोपळ्याची दोन खाती

एकाच नावाची दोन खाती निघाली, की आम्हा बँकेतल्या कारकुनांच्या पोटात गोळा येतो. मराठी भाषेने मात्र भोपळ्याच्या बाबतीत काही शतकं हाच कारभार बिनदिक्कत चालवला आहे, आणि एकाही ऑडिटरने त्यावर लाल शेरा मारलेला नाही.

पहिला खातेदार दुध्या भोपळा. मूळचा आफ्रिकेचा, पण आपल्याकडे इतका जुना, की अथर्ववेदात तो 'अलाबु' या नावाने हजर आहे. संन्याशाचा तुंबा तो, वीणेचा भोपळा तो, आणि पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला बांधून त्याला विहिरीत ढकलायचे, तोही हाच. (आमच्या सांगोल्यात पोर असे, भोपळा असे, विहीरही असे, खात्री नसे ती पाण्याची.) मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे भोपळेही आमच्या शेजारच्या पंढरपूर भागातून जातात. कोवळा तोडला तर भाजी, वेलावर जून होऊ दिला तर गाणं. मुदत ठेव मुदतीआधी मोडू नका, असं आम्ही उगीच सांगत नाही!

दुसरा खातेदार लाल भोपळा, आमच्याकडचं डांगर. हा अमेरिकेचा. याच्या कुळातल्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या बिया मेक्सिकोतल्या एका गुहेत मिळाल्याचं 1997 साली जाहीर झालं. 1492 नंतर जहाजांची ये-जा वाढली, तेव्हा कधीतरी हा गृहस्थ इकडे उतरला. ओळख द्यायला कोणी नाही, कागदपत्रं नाहीत. आकार बघून लोकांनी त्याला पहिल्याचंच नाव देऊन टाकलं. आता सांगा, लेकीकडून परतणारी ती म्हातारी कोणत्या भोपळ्यात बसली? चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या लालच काढत आले. पण गोष्ट कोलंबसाच्या आधीची असेल तर म्हातारी दुध्यातच बसलेली असणार, आणि वाघाची तर दुहेरी फसवणूक झालेली असणार.

तर हा परदेशी पाहुणा आपल्याकडे इतका रुजला, की घारग्यांत गेला, भरतात गेला, थेट उपासालाही चालू लागला. आषाढीला आमच्या गावावरून दिंड्या जातात. त्या फराळाच्या ताटात बटाटा, रताळं, साबुदाणा, शेंगदाणे, मिरची बघावी. विठोबाचा उपास आपण अमेरिकेच्या जिवावर करतो, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आणि हेच आम्ही लोक परवा बाजारात झुकिनी बघून नाकं मुरडत होतो.

गावाबाहेर एका बाईंची शेणखत-जीवामृतावरची शेती आहे. डाळिंबाच्या या तालुक्यात भाजीपाला करायचा, तोही बिनफवारणीचा, म्हणजे धाडसच. त्यांनी यंदा दोन सरी झुकिनी लावली. "काकडी हाय का ही?" असं विचारून गिऱ्हाईक पुढे जाई. "इंग्रजी भाजी आपल्याला नको," एक मास्तर म्हणाले. त्यांच्या पिशवीत डांगराची फोड होती! झुकिनी इटलीत नावारूपाला आली खरी, पण कुळ अमेरिकेचंच. त्या फोडीची सख्खी चुलत बहीण. फक्त 400 वर्षं उशिरा आलेली. बाईंचा मात्र माल संध्याकाळपर्यंत तसाच. वर आणखी पंचाईत अशी, की ही भाजी रोज तोडावी लागते. दोन दिवस विसरलात तर फळ हातभर होतं आणि वेल नवी फळं धरायला कुरकुरते.

आमच्या सौभाग्यवतींनी दोन किलो घेतली. साल काढायचं नाही, फोडी जाड ठेवायच्या, लोखंडी तव्यावर आच मोठी, आणि मीठ अगदी शेवटी. आधी घातलं तर भाजीचं तळं होतं. लसणाची फोडणी, भिजवलेली मुगाची डाळ, सोलापुरी काळं तिखट, वरून दाण्याचा कूट. ज्वारीच्या भाकरीबरोबर मी तिसऱ्यांदा वाढून घेतली, तेव्हा सौ. म्हणाल्या, "अहो, इटलीला आता थोडी ठेवा." डब्यातून बँकेतही नेली. आमच्या हेडकॅशियरांनी बोटं चाटून पुसली आणि विचारलं, "दोडका फार कोवळा दिसतोय?"

हे मी पुढच्या बाजाराला बाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. त्याच्या पुढच्या बाजाराला बघतो तर टोपलीभोवती बायकांचा घोळका, आणि बाईंचा खणखणीत आवाज:

"बिनशिरांचा दोडका घ्या, बिनशिरांचा दोडकाऽऽ!"