घरचं सँडविच ओलं का होतं? गाडीवरच्या व्हेज सँडविचमागचं साधं गणित

ब्रेड तोच, बटर तेच, काकडी-टोमॅटोही मंडईतलेच. तरी मुंबईत स्टेशनबाहेरच्या गाडीवरचं व्हेज सँडविच मस्त लागतं आणि घरून डब्यात नेलेल्या सँडविचचा दुपारपर्यंत लगदा झालेला असतो. मुलांनी डबा तसाच परत आणण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

असं का होतं? उत्तर एका शब्दात सांगायचं तर पाण्यामुळे. काकडी आणि टोमॅटो यांत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. त्यांना मीठ लावलं की ते पाणी बाहेर येतं. कोशिंबिरीत मीठ अगदी शेवटी घालतात ते याचसाठी. सँडविचमध्ये हे पाणी थेट ब्रेडमध्ये मुरतं. गाडीवाल्याची बरीचशी पद्धत हे पाणी ब्रेडपर्यंत पोहोचू न देण्याची आहे.

साहित्य काय लागेल?

२ सँडविचसाठी ब्रेडचे ४ स्लाइस, १ उकडलेला बटाटा, १ छोटं उकडलेलं बीट, १ काकडी, १ टोमॅटो, १ छोटा कांदा, बटर आणि चाट मसाला.

चटणीसाठी वाटीभर कोथिंबीर, पुदिन्याची ८-१० पानं, २ हिरव्या मिरच्या, आल्याचा छोटा तुकडा, अर्ध्या लिंबाचा रस, चवीपुरतं मीठ आणि २ चमचे डाळं. हो, चिवड्यात घालतो तेच डाळं.

चटणीत डाळं कशाला?

चटणी घट्ट व्हावी म्हणून. डाळं पाणी शोषून घेतं, त्यामुळे चटणी ब्रेडवर पसरते, पण आत झिरपत नाही. वाटताना पाणी चमच्याचमच्यानेच घाला. लिंबू चवीसाठी तर आहेच, शिवाय त्यातल्या आंबटपणामुळे चटणी लवकर काळी पडत नाही.

बटर आधी, चटणी नंतर

बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि त्यातून पाणी सहज आरपार जात नाही. म्हणजे बटर हे ब्रेडसाठी रेनकोटचं काम करतं. म्हणूनच दोन्ही स्लाइसना, अगदी कडेपर्यंत बटर लावायचं. मधोमध एक ठिपका लावून चालणार नाही. फ्रिजमधून काढलेलं कडक बटर लावताना ब्रेड फाटतो, त्यामुळे ते अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. बटरवर चटणीचा पातळ थर द्या.

थर कसे लावायचे?

१. बटाटा उकडून पूर्ण गार झाल्यावरच कापा. गरम बटाट्याच्या चकत्या मोडतात आणि त्याची वाफ ब्रेडला ओलं करते.

२. काकडी आणि टोमॅटोच्या पातळ चकत्या करा. टोमॅटोच्या बिया आणि रस काढून टाका. चकत्या ५ मिनिटं स्वच्छ फडक्यावर ठेवून टिपून घ्या.

३. ब्रेडला लागून खाली बटाटा, मग काकडी, टोमॅटो, बीट आणि वर कांदा. रसदार भाज्या आणि रंग सोडणारं बीट मध्ये राहिलं की ब्रेड कोरडा राहतो.

४. चाट मसाला बटाट्यावर भुरभुरवा. त्यात मीठ असतं आणि बटरही बहुतेक वेळा खारट असतं, त्यामुळे वेगळं मीठ लागत नाही.

टोस्ट करायचा असेल तर

गाडीवाले लांब दांड्यांच्या चिमट्यासारख्या टोस्टरमध्ये सँडविच दाबून शेगडीवर भाजतात. घरी तवा पुरेसा आहे. सँडविचला बाहेरून थोडं बटर लावा, मध्यम आचेवर ठेवा, वरून सपाट झाकणाने हलकेच दाबा आणि दोन्ही बाजू २-३ मिनिटं भाजा.

इथेही पाणीच आडवं येतं. ब्रेड ओला असेपर्यंत त्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसं वर जात नाही. तांबूस रंग आणि खमंग वास येण्यासाठी मात्र साधारण १४० अंश लागतात. या प्रक्रियेला ‘मायार अभिक्रिया’ म्हणतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं होतं. थोडक्यात, ओला ब्रेड आधी वाफतो आणि कोरडा ब्रेड लगेच खरपूस होतो.

भाजलेलं सँडविच ताटलीत पालथं झाकू नका, नाहीतर कोंडलेल्या वाफेने कुरकुरीतपणा जाईल. वरून शेव घालायची असेल तर खातानाच घाला.

डब्यात न्यायचं असेल तर

डब्यासाठी न भाजलेलं सँडविच बरं. भाजलंच तर पूर्ण गार करून भरा. टोमॅटो वगळा किंवा चकत्या वेगळ्या छोट्या डबीत द्या. सँडविच बटर पेपरमध्ये किंवा स्वच्छ सुती रुमालात गुंडाळा. वर्तमानपत्राचा कागद मात्र नको, त्याची शाई अन्नाला लागते. आणि कडक उन्हाळ्यात डब्यातून उकडलेला बटाटा वगळलेलाच बरा, कारण उष्णतेत तो लवकर खराब होतो.

सकाळी घाई असते? मग चटणी वाटणं आणि बटाटा-बीट उकडणं रात्रीच उरकून तिन्ही फ्रिजमध्ये ठेवा. काकडी, टोमॅटो आणि कांदा मात्र सकाळीच चिरा.