नोंदवहीतील तोडा

एखादा मानवसमूह स्वतःस कोणत्या नावाने ओळखतो, हे पाहणे नेहमीच उद्बोधक असते. कॅनडाच्या उत्तरेस, हिमप्रदेशातील अरण्यांत लहान लहान वस्त्या करून राहणारे लोक स्वतःस ‘डेने’ म्हणवितात. त्या शब्दाचा अर्थ ‘माणसे’ एवढाच आहे. आपल्या निलगिरीच्या पठारावर म्हशींचे कळप बाळगून राहणाऱ्या एका जमातीस बाहेरचे जग ‘तोडा’ म्हणते. ती जमात मात्र स्वतःस ज्या नावाने संबोधते, त्याचाही अर्थ ‘माणसे’ असाच होतो. अशा चिमुकल्या समाजाला लिपी नसते, दप्तर नसते. त्याचा इतिहास बाहेरून आलेल्यांच्या नोंदींतून वाचावा लागतो, आणि मग नोंद करणारा काय शोधीत आला होता, या प्रश्नाला महत्त्व येते.

तोडांचा उल्लेख १११७ सालच्या एका होयसळ शिलालेखात सापडतो. विष्णुवर्धनाचा सेनापती पुणिस याने तोडांना भयभीत केले, अशी त्यात बढाई आहे. त्यानंतर १६०३ साली फेनिचिओ हा जेझुइट पाद्री कालिकतच्या बाजूने डोंगर चढून आला. डोंगरात हरवलेले कोणी ख्रिस्ती बांधव भेटतात की काय, हे त्याला पाहावयाचे होते. भेटले ते म्हशी राखणारे तोडा. एकाला पराक्रमाची साक्ष हवी होती, दुसऱ्याला स्वधर्मीयांची.

इंग्रजी अंमलात कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ साली या पठारावर आला. त्याने तोडांकडून जमीन विकत घेतली आणि १८२२ मध्ये उटकमंड येथे दगडी घर बांधावयास प्रारंभ केला. या गावाच्या नावातील ‘मंड’ हा अंश तोडांच्या वस्तीचा वाचक आहे. ही जमीन तोडांच्या मालकीची आहे, असे सलिव्हनचे आग्रहाचे मत होते. सरकारला ते मानवले नाही. तोडांना केवळ चराईचा हक्क आहे, असा पक्ष अखेर प्रबळ ठरला. ‘मालकी’ आणि ‘चराई’ या दोन शब्दांतील अंतर कागदावर बोटभरच असते. परंतु त्या अंतरात पुढे चहाचे मळे, बटाट्याची शेते, आणि निलगिरी व वॅटल या परदेशी वृक्षांची दाट लागवड मावली, आणि म्हशींची कुरणे आक्रसत गेली.

यानंतरचा नोंदकार मद्रासच्या एग्मोर भागातला. तेथील सरकारी वस्तुसंग्रहालयाचे अधीक्षकपद एडगर थर्स्टन याने १८८५ ते १९०८ या काळात सांभाळले. संग्रहालयाच्या पत्रिकेत १८९६ साली त्याने तोडा व कोटा या जमातींचे मानवशास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. डोक्याची लांबी, नाकाची रुंदी, शरीराची उंची यांची मापे घेण्याचा त्याला विलक्षण छंद होता. १९०१ मध्ये सरकारने देशभर जातिजमातींची पाहणी आरंभिली. मद्रास इलाख्याचे काम थर्स्टनकडे आले, तसे मुंबई इलाख्याचे एन्थोवेनकडे. आपल्याकडील अनेक जातींची माहिती आजही ज्या एन्थोवेनच्या ग्रंथांतून काढली जाते, ते याच पाहणीचे फळ होय. त्या मापांतून माणसाची ‘जात’ सिद्ध होते, हा त्या काळचा समज शास्त्राने पुढे टाकून दिला.

त्याच सुमारास डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हा इंग्रज विद्वान निलगिरीवर आला. त्याने तोडांच्या वंशावळी लिहून घेतल्या. मृत आप्ताचे नाव उच्चारू नये, असा तोडांचा संकेत. तेव्हा ती नावे त्याला इतरांकडून काढावी लागली. दूध घुसळण्याच्या जागा हीच तोडांची मंदिरे आणि गवळी हाच पुजारी. तेथील गुप्त विधीही त्याने विचारून घेतले. पुढे माहिती देणाऱ्यांपैकी काहींवर आजारपणाचे व घरातील मृत्यूचे संकट कोसळले. गुपिते फोडल्याचा हा देवतांचा कोप, असा निर्वाळा जमातीत झाला. हे रिव्हर्सने स्वतःच प्रामाणिकपणे नमूद केले आहे. त्याच्या १९०६ सालच्या ग्रंथाचा गौरव करताना त्याची किंमत कोणी मोजली, हेही आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

१९३५ ते १९३८ या काळात मरे एमेनो भारतात होता. हा जन्माने कॅनडाचा. डेने व तिच्या आप्तभाषांच्या कुळाची कल्पना १९१५ साली मांडणाऱ्या एडवर्ड सपीरच्या हाताखाली तो तयार झालेला. अमेरिकेतील आदिवासी भाषांसाठी घडलेली, बोलणाऱ्याच्या तोंडून भाषा टिपून घेण्याची पद्धत त्याने तोडा भाषेला लावली. जन्म, विवाह, मृत्यू, म्हशीचे कौतुक, अशा प्रत्येक प्रसंगी तोडा माणूस आयत्या वेळी गीत रचतो, आणि त्यातील शब्दसमूह जोडीजोडीने येतात, असे त्याला आढळले. या गीतांचा त्याचा मोठा संग्रह १९७१ साली प्रसिद्ध झाला. डोक्याच्या मापात न सापडलेला इतिहास त्या गीतांत होता: माणसांची, म्हशींची आणि ठिकाणांची नावे घेऊन सांगितलेला.

विसाव्या शतकाच्या आरंभी आठशेच्या घरात असलेले तोडा १९५०च्या सुमारास पाचशेच्याही खाली आले. ही जमात लवकरच नामशेष होणार, असे भाकीत अनेकांनी वर्तविले होते. तसे घडले नाही. बाहेरून आलेल्या रोगांवर उपचार वस्तीपर्यंत पोहोचले, आणि २०११च्या जनगणनेत ही संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. पांढऱ्या वस्त्रावरील त्यांच्या लाल-काळ्या भरतकामाला २०१३ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले.

माणसे वाढली, तरी कुरणांचा प्रश्न मिटलेला नाही. तोडांच्या मंदिरांचे छप्पर एका विशिष्ट गवताने शाकारावे लागते. ते दलदलीच्या जागी उगवते, आणि अशा जागा आता दुर्मिळ झाल्या आहेत. दप्तरात काम करणाऱ्या आम्हा लोकांना जमातीची लोकसंख्या एका रकान्यात व जमिनीचे क्षेत्र दुसऱ्या रकान्यात लिहिण्याची सवय असते. ते गवत कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्याविषयी तोडांनाच विचारावे लागते, आणि ते सांगतील ते ऐकून घ्यावे लागते.