घाटावरची अपुरी वेधशाळा

नववी-दहावीच्या वर्गात सूर्यमाला शिकवताना आम्ही शिक्षक मंडळी एक भलीमोठी उडी मारतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला टॉलेमी, म्हणजे उर्दूतला बतलीमूस, पृथ्वीला विश्वाच्या मध्यभागी ठेवतो. लगेच पुढच्या वाक्यात १५४३ साल उजाडते आणि कोपर्निकस सूर्याला मध्यभागी आणतो. मधली चौदाशे वर्षे गेली कुठे, असे एखाद्या चुणचुणीत मुलीने विचारले तर तिला काय सांगायचे?

या प्रश्नाची दोन चुकीची उत्तरे तयारच असतात. मध्ये सगळा अंधारच होता, हे पहिले. दुसरे आपल्या मोहल्ल्यातल्या जलशांतून जास्त ऐकू येते: सारे काही आमच्याच बुजुर्गांनी शोधले आणि युरोपने ते पळवले. पहिल्या उत्तराने मुलांची मान खाली जाते, दुसऱ्याने ती उगाच ताठ होते. मान वर करून आकाश पाहण्याची सवय मात्र दोन्हींतून लागत नाही.

खरी हकीकत उसनवारीपासून सुरू होते. आठव्या शतकात खलिफा मन्सूरच्या बगदादमध्ये हिंदुस्थानातून एक संस्कृत ज्योतिषग्रंथ पोहोचला. त्याचा अरबी अनुवाद झाला आणि तो 'सिंदहिंद' म्हणून गाजला. पुढे बतलीमूसचा ग्रंथही अरबीत आला, 'अल-मजिस्ती' या नावाने. नमाजाच्या वेळा, किब्ल्याची दिशा, रमजानचा चंद्र यांसाठी हे गणित हवेच होते. दरबारांना भविष्य जाणून घेण्याची हौस होती, हेही लपवण्याचे कारण नाही.

उसने घेतलेले मात्र या लोकांनी तपासून पाहिले. रक्का येथे अल-बत्तानीने वर्षानुवर्षे वेध घेऊन सौरवर्ष ३६५ दिवस, ५ तास, ४६ मिनिटे, २४ सेकंद असे काढले. आजच्या मापापेक्षा ते जेमतेम अडीच मिनिटांनी कमी आहे. कोपर्निकसने आपल्या ग्रंथात त्याचे नाव घेतले आहे. अकराव्या शतकात इब्न अल-हैसमने बतलीमूसवरील शंकांचे स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याचा आक्षेप साधा होता. ग्रह वर्तुळात एकसारख्या गतीने फिरतो म्हणता, मग ती गती वर्तुळाच्या मध्यापासून न मोजता भलत्याच बिंदूपासून का मोजता?

१२५८ मध्ये हुलागूच्या फौजांनी बगदाद धुळीला मिळवले. दुसऱ्याच वर्षी त्याच हुलागूच्या पैशाने इराणातील मरागा येथे वेधशाळा उभी राहू लागली. तिचे प्रमुख होते नसीरुद्दीन तूसी. मोठ्या वर्तुळाच्या आत त्याच्या निम्म्या व्यासाचे वर्तुळ फिरवले, तर लहान वर्तुळावरचा बिंदू सरळ रेषेत मागेपुढे सरकतो, हे तूसीने दाखवले. परकार घेऊन वर्गात करून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे. तिच्या आधारे बतलीमूसच्या काही अडचणी सुटल्या.

पुढच्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर मुवक्कित होते. मुवक्कित म्हणजे नमाजाच्या वेळा ठरवणारा. बतलीमूसच्या हिशोबाने अर्धा चंद्र कधी कधी पुनवेच्या चंद्राच्या जवळजवळ दुप्पट रुंद दिसायला हवा. तसा तो कुणालाच दिसत नाही. इब्न अल-शातिरने हा दोष काढून चंद्राची नवी मांडणी केली. कोपर्निकसची चंद्राची मांडणी गणिताच्या दृष्टीने तीच आहे, हे अभ्यासकांच्या ध्यानात आले ते थेट १९५७ मध्ये. ती दमास्कसहून पोलंडला कशी पोहोचली, की दोघांना स्वतंत्रपणे सुचली, यावर वाद आहे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. इब्न अल-शातिरची पृथ्वी मध्यभागीच राहिली. तिला हलवण्याचे धाडस कोपर्निकसचे, आणि वर्तुळ सोडून लंबवर्तुळ धरण्याचे, १६०९ मध्ये, केप्लरचे. ज्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

मग ही परंपरा पुढे का सरकली नाही? याचे एक उत्तर खुद्द सूर्यमालेतच आहे. मुश्तरी म्हणजे गुरू सुमारे बारा वर्षांत सूर्याभोवती एक फेरी करतो. जुहल म्हणजे शनी साडेएकोणतीस वर्षे घेतो. म्हणून तूसीने तीस वर्षे मागितली आणि हुलागू बारा वर्षांत काम उरका म्हणाला, असे सांगतात. ग्रहांना बादशहाच्या आयुष्याशी देणेघेणे नसते. वेधशाळा मात्र बादशहाच्याच जिवावर चालत.

उलुगबेगने समरकंदला सुमारे चाळीस मीटर त्रिज्येचे वेधयंत्र उभारले आणि हजारावर ताऱ्यांची यादी केली. १४४९ मध्ये मुलाच्याच कारस्थानात तो मारला गेला आणि वेधशाळा ओस पडली. तिचे अवशेष १९०८ मध्ये सापडले. इस्तंबूलला तकीउद्दीनची वेधशाळा १५७७ मध्ये सुरू झाली आणि १५८० मध्ये सुलतानाच्याच हुकमाने पाडली गेली.

आणि आपल्या मराठवाड्यात? फिरोजशहा बहमनी स्वतः गणिताचा शौकीन होता. १४०७ च्या सुमारास त्याने दौलताबादच्या घाटमाथ्यावर वेधशाळेचे काम सुरू केले, असे इतिहासकार फरिश्ता नोंदवतो. म्हणजे समरकंदच्याही आधी. पण त्या कामाचा जाणकार हकीम हसन गिलानी मरण पावला आणि बांधकाम अर्ध्यावरच थांबले. एक माणूस गेला, की काम गेले.

इल्मची उसनवारी मात्र थांबली नव्हती. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा, काशी येथे वेधशाळा बांधल्या. त्याच्या पदरच्या जगन्नाथ पंडितांनी तूसीने सिद्ध केलेली 'अल-मजिस्ती' अरबीतून संस्कृतात आणली. त्याच्या वेधांची कोष्टके फारसीत निघाली आणि त्यांना नाव मिळाले बादशहा मुहम्मदशहाचे. संस्कृतातून अरबीत गेलेली विद्या हजार वर्षांनी अरबीतून संस्कृतात परतली. ही माझी, ती तुझी असे म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा. पण तोवर पॅरिसला १६६७ मध्ये आणि ग्रीनिचला १६७५ मध्ये वेधशाळा निघाल्या होत्या. राजे बदलले तरी तिथल्या वह्या पुढे लिहिल्या जात राहिल्या.

आपल्या समाजात आजही किती वाचनालये, किती शाळा एका माणसाच्या खांद्यावर उभ्या आहेत! तो थकला की दाराला कुलूप. घाटावरच्या त्या अपुऱ्या वेधशाळेने आम्हाला शिकवावे ते हेच.

मुलांसाठी फार खर्चाची गरज नाही. शाळेच्या मैदानात एक सरळ काठी रोवावी आणि दुपारची सर्वांत आखूड सावली रोज मोजावी. ईदच्या चांदरातीपुरता चंद्र न पाहता महिनाभर पाहावा. जुहल कोणत्या ताऱ्यांजवळ आहे ते दरवर्षी एका वहीत टिपावे. आज नववीत असलेली मुलगी चव्वेचाळीस वर्षांची होईल तेव्हा तो फिरून त्याच ताऱ्यांपाशी आलेला असेल. तोवर ती वही शाळेच्या कपाटात राहील आणि दरवर्षी कुणीतरी तिच्यात एक ओळ भरील, एवढी जबाबदारी आम्ही शिक्षकांनी आणि शाळा चालवणाऱ्यांनी घ्यायची आहे.