टाकळघाटची शिळावर्तुळं

4 सप्टेंबर 1863. नागपूरच्या दक्षिणेला, टाकळघाटच्या काळ्या रानात तुम्ही उभे आहात. पाय चिखलात रुतलेत. समोर दगडांची वर्तुळं आहेत आणि त्यांच्या आत लोहयुगातली माणसं पुरलेली आहेत. सोबत मडकी, लोखंडी हत्यारं. मेल्यावरही माणसाला सामान लागतंच, ही पुरणाऱ्यांची खात्री.

वाकून खापर निरखणारा पंचेचाळिशीचा गोरा म्हणजे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. हा नागपुरात आला 1845 मध्ये. इथे त्यानं शाळा काढली, गोंडांची गाणी जमवली. मांगलीच्या खडकात सापडलेली एका नामशेष उभयचराची कवटी त्यानं लंडनला पोचवली. 1855 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेननं तिचं बारसं केलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्यांशी इतकी सलगी असलेला हा माणूस मानतो की मेलेले उठणार आहेत. मरणच गिळलं जाईल, असं बायबलमधला संदेष्टा यशया सांगून गेला. दुसरा संदेष्टा यहेज्केल, त्यानं खोऱ्यातल्या सुक्या हाडांवर मांस चढताना पाहिलं. प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिताना सगळी भिस्त यावरच ठेवली. आपल्या कानांना हे खटकतं. आपल्याकडे सुटायचं ते देहापासून. इथे देहच उठायचा आहे.

दिवस कलतो. सोबत आलेला चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल बोरीच्या छावणीकडे पुढे निघतो. हिस्लॉप मागे थांबतो. गावची शाळा तपासायची राहिलीय. तो घोड्यावर बसतो तेव्हा अंधार पडलेला असतो. तुम्ही ओरडता, ‘सायेब, नाल्याले पूर हाये!’ त्याला ऐकूच जात नाही. तुम्ही अजून जन्मलेलेच नाही.

छावणीत घोडा एकटाच येतो. शोधणाऱ्यांना सापडतो तो देह.

यशयाचं भाकीत मग कुठे गेलं, असं तुम्ही विचाराल. पण मरण चुकेल, असं ते म्हणतच नव्हतं. पुरात येवो की तापात, मरण येणारच. शेवटचा शब्द मात्र त्याचा नसेल, एवढाच त्याचा दावा. तो पटो न पटो, नाल्यातल्या देहानं तो खोटा ठरत नाही.

शंभर वर्षं पुढे या. 1968-69 मध्ये नागपूर विद्यापीठानं टाकळघाट-खापा इथली वर्तुळं उकरली. माणसांसोबत घोडेही पुरलेले निघाले, तांब्याच्या दागिन्यांसकट.

हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज 1883 मध्ये निघालं. आज ते सिव्हिल लाइन्समध्ये आहे, टेंपल रोडवर.