पट एका घरी, कवड्या दुसऱ्या घरी

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. आमच्या आजीला ते ठाऊक नव्हते. ती आपली म्हणे, "आज पट मांडायचा दिवस." त्या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळले आणि भोळा शंकर सारे काही हरून बसला, एवढी गोष्ट तिच्यापुरती पुरेशी होती.

आमचे गाव वेरूळपासून पाच-सहा कोसांवर. श्रावणात घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलो की आजी आम्हा मुलांना लेण्यांकडेही नेई. एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, शिवपार्वतीच्या अक्षक्रीडेचे शिल्प आहे. ते साधारण सहाव्या शतकातले, हे मला फार पुढे पुस्तकांतून कळले. खाली गण नंदीची थट्टामस्करी करीत आहेत आणि वर नवराबायकोचा डाव रंगात आलेला आहे. आजी शंकराकडे बोट दाखवून म्हणायची, "बघा, हरलाय अन् आणखी एक डाव मागतोय. रडीचा डाव!" अभ्यासकांनीही त्या हाताच्या मुद्रेचा अर्थ पुष्कळसा असाच लावलेला वाचला, तेव्हा मला आजीचा फार अभिमान वाटला.

द्यूत आपल्याकडे फार जुने. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात बेहड्याच्या फळांचे फासे आहेत. पटाचा तिथे पत्ता नाही. आमच्या घरच्या पटासारखा पट मात्र अकबराच्या काळी चांगलाच रूढ होता. अबुल फजलाने 'ऐने अकबरी'त चौपडीचे वर्णन केले आहे, आणि फत्तेपूर सिक्रीच्या राजवाड्यात फरसबंदीवर आखलेला प्रचंड पट आजही पाहायला मिळतो. बादशहा म्हणे सोंगट्यांच्या जागी दासी उभ्या करून खेळे. खरेखोटे तोच जाणे. फाशांनी खेळले तर चौसर आणि कवड्यांनी खेळले तर पचीसी, असा उत्तरेकडे भेद करतात. पंचवीस हे त्यातले मोठे दान, म्हणून पचीसी. आमच्या घरी दोन्हींना सोंगट्याच म्हणत.

आजीचा पट कापडी होता, तिच्या सासूने शिवलेला. चार फाटे, प्रत्येक फाट्यात आठ-आठ घरांच्या तीन ओळी. म्हणजे शहाण्णव घरे आणि मध्ये मोठे घर. फुलीच्या घरात बसलेल्या सोंगटीला मरण नाही. लाखेने रंगवलेल्या लाकडी सोंगट्या सोळा : लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या. कवड्या सात. त्या दोन्ही हातांत खुळखुळवून टाकायच्या आणि उताण्या किती पडल्या ते मोजून दान ठरवायचे.

पण आमच्याकडे फक्त पट आणि सोंगट्याच होत्या. कवड्या भिंतीपलीकडे होत्या.

ही भिंत माझ्या जन्माआधीची. शेताच्या बांधावरून आजोबांचे आणि त्यांच्या धाकट्या भावाचे बिनसले, ते कचेरीपर्यंत गेले आणि वाड्याच्या चौकात मधोमध भिंत उभी राहिली. भांडीकुंडी वाटली, देव वाटले. विहिरीचे पाणी भरायच्या वेळासुद्धा वाटल्या. त्या वाटणीत पट माझ्या आजीकडे आला आणि कवड्या तिच्या धाकट्या जावेकडे गेल्या. पुरुषांनी इतक्या बारीकसारीक गोष्टीत लक्ष घातले असेल, असे मला वाटत नाही. आत्याने पुढे मला सांगितले, की ती वाटणी त्या दोघींनीच माजघरात बसून केली होती.

वास्तविक कवड्या काही दुर्मिळ वस्तू नव्हेत. मालदीवच्या समुद्रातून त्या गलबतांच्या गलबते भरून येत, आणि बंगालात तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नाण्यासारख्या चालत. आमच्या मुलखात भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा असतातच. आजीने मनात आणले असते तर तुळजापूरहून येणाऱ्या कुणाकडूनही सात कवड्या मागवता आल्या असत्या. तिने त्या कधी मागवल्या नाहीत.

पाडव्याच्या दुपारी आजोबा जेवून आडवे झाले, की परसदाराची कडी वाजे. धाकटी आजी पदराखाली कवड्यांची पिशवी घेऊन येई. "बाई, पट काढलात का?" एवढेच विचारी. मग माजघरात पट पसरायचा. समोरासमोर बसलेले भिडू असतात. त्यामुळे त्या दोघी एका बाजूला आणि दिवाळीला आलेली आत्या व मी दुसऱ्या. आम्ही बहुधा हरत असू. आजीची सोंगटी मधल्या घराच्या तोंडाशी आली आणि धाकटीच्या सोंगट्या मागे अडकलेल्या असल्या, तर आजी आत शिरतच नसे. पटाला पुन्हा एक फेरा घालायची आणि आमच्या सोंगट्या मारीत जावेची वाट मोकळी करायची. मी तक्रार करी. ती म्हणे, "एकटीनं घरात जाऊन करायचं काय, रे?"

एकदा काकाने औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, पुठ्ठ्याचा ल्यूडो आणला. इंग्रजांनी आपल्याच पचीसीची नक्कल करून 1896 साली त्याचे पेटंट घेतले, हे तेव्हा आम्हांला कुठे ठाऊक! आजीने मात्र तो उलटसुलट पाहून ओळखला. "आपलाच की हा. पण यात भिडू कुठंय?" असे म्हणाली आणि परत केला.

1969च्या श्रावणात धाकटी आजी गेली. त्या वर्षी भाऊकीत दिवाळी नव्हती. पणत्याही लावल्या नाहीत. पाडव्याच्या दुपारी माजघरात आजी नुसतीच बसून होती. पट पेटीतच होता.

परसदाराची कडी वाजली. पलीकडची काकू, धाकट्या आजीची सून, दारात उभी होती. त्या दारातून ती पूर्वी कधी आली नव्हती. हातात पिशवी होती. म्हणाली, "सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, पाडव्याला थोरल्या बाईंना नेऊन दे म्हणून."

आजीने पिशवी उघडली आणि कवड्या मांडीवर ओतून मोजल्या. सात होत्या. त्या तिने पुन्हा पिशवीत भरल्या, नाडी आवळली आणि पिशवी काकूच्या हातात ठेवली.

"तुझ्याकडंच राहू दे," आजी म्हणाली. "पुढल्या साली घेऊन ये. अन् खेळता येत नसेल तर आता बस, शिकवते."