काको-२ आणि पाण्याशी फटकून वागणारी औषधं

१९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत योर्गन फॉग कर्करोगाच्या गाठींतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत होते. मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्या ७२ वर्षांच्या एका रुग्णाच्या गाठीतून मिळालेल्या पेशींचं नाव पडलं काको-२. गोळी पोटात गेल्यावर तिचं पुढे काय होतं, या प्रश्नाशी तेव्हा या पेशींचा काडीचाही संबंध नव्हता.

तो जुळला १९८३ साली. या पेशी दाटीनं वाढून एकमेकींना भिडल्या की आपोआप लहान आतड्याच्या पेशींसारख्या वागू लागतात, हे फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिलं. १९८९मध्ये हिडाल्गो, राउब आणि बोरचार्ट यांनी अमेरिकेत या पेशींचा थर सच्छिद्र पडद्यावर वाढवला. पाठोपाठ स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात पेर आर्टुरसन यांनी या थरातून औषध पार होण्याच्या वेगाचा माणसातल्या शोषणाशी मेळ घालून दाखवला. औषध कंपन्यांनी ही चाचणी उचलून धरली.

चाचणीची मांडणी सुटसुटीत आहे. प्लास्टिकच्या इवल्याशा पेल्याला तळाशी पातळ पडदा, त्यावर पेशी. सुमारे २१ दिवस दिवसाआड पोषकद्रव बदलायचा, थर अखंड आहे का ते विद्युतरोध मोजून पाहायचं. मग वर औषध घालायचं आणि खालच्या कप्प्यातून ठरावीक वेळानं नमुने काढायचे.

नवी औषधं मात्र तेलकट निघू लागली आणि अडचणी सुरू झाल्या. साध्या क्षारद्रावणात ती विरघळेनात, साका होऊन बसत. जेवढं विरघळे त्यातलं काही प्लास्टिकला चिकटे, काही पेशींतच अडकून राही. वर घातलेलं आणि शेवटी हाती लागलेलं यांचा हिशेब जुळेना. चांगलं शोषलं जाणारं औषधही चाचणीत नापास होई. डीएमएसओसारखं द्रावक वाढवावं, तर पेशींचा थरच दुखावे.

तोडगा शरीरातच होता. आतड्यापलीकडे प्रथिनयुक्त रक्त वाहतं, म्हणून खालच्या कप्प्यात साधारण ४ टक्के अल्ब्युमिन घालण्यात आलं. ते आलेलं औषध धरून ठेवतं आणि प्लास्टिकला चिकटू देत नाही. वरच्या कप्प्यासाठी जेनिफर ड्रेसमन आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये मांडलेला उपाशीपोटीच्या आतड्यातल्या रसाचा नमुना कामी आला: ३ मिलिमोलर पित्तक्षार, ०.७५ मिलिमोलर लेसिथिन, पीएच ६.५. बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी तो काको-२वर वापरून पाहिला.

त्यातही मेख होतीच. पित्तक्षारांचे सूक्ष्म कण औषध विरघळवतात, पण स्वतःत कोंडूनही ठेवतात. पेशींपाशी मोकळं औषध कमीच पोचतं. जेवणानंतरच्या रसाचा दाट नमुना तर या पेशींना सोसवत नाही. म्हणून त्यांना श्लेष्माचं कवच मिळावं यासाठी काही प्रयोगशाळा श्लेष्मा तयार करणाऱ्या एचटी२९-एमटीएक्स पेशी सोबत वाढवतात.

२०१९च्या आयसीएच एम९ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी काही औषधांना माणसांवरची तुलनात्मक चाचणी टाळण्यासाठी काको-२चे निष्कर्ष ग्राह्य धरले. ही सवलत आहे फक्त पाण्यात सहज विरघळणाऱ्या औषधांना.