आचारी, आचार्य आणि लॉगिनचे नाव

कार्यालयातील संगणकप्रणालीत शिरताना आपले नाव कॅपिटल अक्षरांत लिहिले काय किंवा स्मॉल अक्षरांत, माणूस तोच. यंत्राला मात्र हे कोणीतरी सांगावे लागते. हा प्रश्न मुळात संगणकाचा नव्हेच. तो रोमन लिपीच्या छापखान्यातला आहे. खिळे जुळवणारा कामगार मोठी अक्षरे वरच्या पेटीत आणि लहान अक्षरे खालच्या पेटीत ठेवी. ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ ही नावे तिथलीच.

१९६३ साली ‘आस्की’ हे अमेरिकन प्रमाणक आले, तेव्हा त्यात लहान अक्षरे नव्हती. ती १९६७ च्या आवृत्तीत आली : कॅपिटल ‘ए’ ६५, स्मॉल ‘ए’ ९७. अंतर ३२, म्हणजे अवघ्या एका बिटाचे. त्या काळचे ‘टेलिटाइप ३३’ हे यंत्र केवळ कॅपिटल अक्षरेच छापी. म्हणून जुन्या युनिक्समध्ये लॉगिनचे नाव संपूर्ण कॅपिटलमध्ये आले, तर समोरच्या यंत्राला लहान अक्षरे येतच नाहीत असे समजून प्रणाली पुढचा सारा व्यवहार त्याच्या सोयीने करी. हा शिष्टाचार मला फार भावतो. पुढच्या प्रणाल्यांत तो क्वचितच दिसला.

पुढे वाटा फुटल्या. लिनक्स लॉगिनच्या नावात कॅपिटल-स्मॉल भेद पाळते. विंडोज नावात पाळत नाही, पासवर्डमध्ये पाळते. एखादे कार्यालयीन सॉफ्टवेअर ओळख विंडोजकडून पडताळून घेते आणि नाव मात्र स्वतःच्या, भेद पाळणाऱ्या कोष्टकात साठवते. मग एकाच कर्मचाऱ्याची दोन खाती उभी राहतात. रजा एकात, हजेरी दुसऱ्यात. उपाय साधा आहे : साठवण्यापूर्वी आणि ताडून पाहण्यापूर्वी नाव एकाच रूपात आणावे.

देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून आपण सुटलो असे वाटेल. पण मी रायपूरला राहतो, आणि इथे राज्याच्या हिंदी नावातच पेच आहे. ‘छत्तीसगढ़’मधील शेवटचे अक्षर युनिकोडात एका संकेतांकानेही लिहिता येते, किंवा ‘ढ’ आणि नुक्ता असे दोन संकेतांक जोडूनही. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. युनिकोडची सामान्यीकरणाची प्रक्रिया ही दोन्ही रूपे एक करते, त्यामुळे इथे निभावते.

मराठीच्या ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’पाशी मात्र ती थांबते. हा अर्धा ‘र’ नुक्त्याच्या ‘ऱ’पासून घडवता येतो, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. या दोन रूपांना युनिकोड समतुल्य मानत नाही. म्हणजे कऱ्हाडे आडनावाच्या व्यक्तीने खाते एका कळफलकावर उघडले आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्यावरून नाव टंकले, तर दार बंद. वापरकर्त्यांच्या नावांसाठी २००५ साली ‘सॅसलप्रेप’ नियम आले. ते हे जोडचिन्ह गाळून टाकू देत. ते गाळले की ‘आचाऱ्यांना’ दिलेले आमंत्रण ‘आचार्यांना’ जाते! २०१५ साली त्यांची जागा घेणाऱ्या ‘प्रेसिस’ नियमांत हलन्तानंतर हे चिन्ह चालते. शब्द वाचला, पण दोन रूपे दोनच राहिली.

जोडचिन्हाचा ‘र’ ओळखून त्याचा ‘ऱ’ करणारी ओळ मराठी नावे स्वीकारणाऱ्या प्रत्येक प्रणालीत आपल्यालाच लिहावी लागेल, आणि तीही अदृश्य चिन्हे गाळण्याच्या आधी.